संवर्धित शेतजमीन पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी खंडाने देणे: सल्ला आणि अनुभव हवे आहेत

चेस्टरकाठ (धागाकर्ती)
५ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

विषय जरा वेगळा आहे, म्हणून आधी पार्श्वभूमी सांगते.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. २०१९ साली चेसापीक बेच्या पलीकडे, ईस्टर्न शोअरवर, ९४ एकरांचं शेत घेतलं. साठ-पासष्ट एकर पिकाखाली, बाकी झाडी, एक जुनं तळं आणि चेस्टर नदीच्या फाट्याला लागून दलदल. एवढी जमीन आमच्या आवाक्यात आली ती एकाच कारणाने: तिच्यावर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट आहे. आधीच्या मालकाने प्लॉट पाडायचा आणि घरं बांधायचा हक्क राज्याच्या शेतजमीन संवर्धन कार्यक्रमाला विकून टाकला होता. हा कार्यक्रम १९७७ पासूनचा, आणि आजवर ३ लाख एकरांहून जास्त शेतजमीन त्याने अशी राखली आहे. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद असते ना, तसंच समजा. फक्त ही नोंद कधीच कमी होत नाही. जमीन विकली काय, वारसांकडे गेली काय, ती सोबत जाते.

आमची नोकरी शहरात, त्यामुळे पीक शेजारचा शेतकरी काढतो, खंडाने. मका, सोयाबीन, आणि कापणीनंतर कव्हर क्रॉप म्हणून, म्हणजे हिवाळ्यात माती झाकून ठेवायला, गहू. त्याच्या घरातली ही तिसरी पिढी आहे आणि माझ्या जमिनीतला ओलावा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

आता मूळ मुद्दा. हिवाळ्यात आमच्या शेतात कॅनडा गीज उतरतात, आपल्या कलहंसाच्या जातकुळीतले. उत्तर क्वेबेकातल्या अंगावा द्वीपकल्पात त्यांची वीण होते, तिथून ते थेट इथवर येतात. कापलेल्या मक्यातले सांडलेले दाणे आणि गव्हाची कोवळी पाती हे त्यांचं खाणं. पक्षी आले की शिकारी येतात. इथे शेतजमिनीचा शिकारीचा हक्क वेगळा खंडाने द्यायची जुनी पद्धत आहे. मागच्या वर्षी दोन माणसं दारात आली, चांगली बोलली, आम्ही तोंडी होकार दिला आणि थोडे पैसे घेतले.

जानेवारीत चार दिवस जमीन गोठलेली होती, मग एकदम ऊन पडलं. त्या दिवशी पहाटे त्यांनी पिकअप गव्हातून थेट शिकाऱ्यांच्या लपायच्या खड्ड्यापर्यंत नेला. दोन चाकोऱ्या, घोट्याएवढ्या खोल, शेताच्या मधोमध दीडशे-दोनशे पावलं. आमच्या शेतकऱ्याने मला फोन करून बोलावलं. तो काही बोलला नाही. चाकोरीत बूट ठेवून उभा राहिला आणि मला पाहू दिलं. खाली दबलेली माती पाण्यासारखी चकाकत होती. त्या पट्ट्यात यंदाचा मका छातीपर्यंतही आला नाही. शिवाय कापणीच्या वेळी त्याला काडतुसांची लाल प्लास्टिकची टरफलं सापडली, मूठभर नाही, बादलीभर.

त्या माणसांना आम्ही यंदा नाही म्हटलं. पण आता दुसऱ्या एका गटाने विचारलं आहे, आणि मालमत्ता कराचा बराच भाग त्यातून निघेल हे खरं आहे. वडिलांना फोनवर सांगितलं. ते बार्शीकडचे, उभं आयुष्य शेतीत गेलेलं. त्यांचा पहिला प्रश्न: “खंडाने देतेस, मग कूळ लागणार नाही ना?” कसणारी कुळं मालक ठरली त्या १ एप्रिल १९५७ ला आमच्या भावकीतल्या कुणाकुणाच्या जमिनी गेल्या आणि कुणाकुणाला मिळाल्या हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामुळे त्यांची भीती मला समजते.

ईझमेंटच्या जमिनीवर शिकारीचा खंड चालतो का? करारात काय असावं? आणि मुळात द्यावी का? तिसरा प्रश्न मला जास्त छळतो आहे.

मनोऱ्याची_सावली
५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

वाखू (वाचनखूण) साठवली. अशा विषयावर मराठीत पहिल्यांदाच वाचतोय. जाणकारांची वाट बघतो.

दस्तऐवज
६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

चेस्टरकाठ ताई, मी जमिनीच्या कागदपत्रांचं काम करते, पण तुमच्या राज्यात नाही. तेव्हा हे वाचून झालं की तिथल्या वकिलाकडे जाच.

आधी वडिलांची शंका. कूळ लागत नाही. आपला १९४८ चा कूळकायदा तिकडे लागू नाही, आणि तोही कसणाऱ्याला संरक्षण देतो, शिकारी कसत नाही. पण त्यांचं बोट बरोबर जागेवर आहे: कराराचे शब्द जपून घाला. जमिनीचा ताबा देत नाही, ठरावीक माणसांना ठरावीक काळात ठरावीक कामासाठी येण्याची परवानगी देते, असं स्वच्छ लिहा. मुदत एका हंगामाची ठेवा. हक्क दुसऱ्याला देता येणार नाही आणि दिवसाच्या भाड्याने पाहुणे आणता येणार नाहीत, हेही घाला. गटातल्या प्रत्येकाचं नाव करारात हवं.

दुसरं, ईझमेंटचा मूळ दस्त काढून ओळ न् ओळ वाचा. प्रत्येक दस्त वेगळा असतो. शेती, जंगल, घरगुती करमणूक याला सहसा मोकळीक असते. ‘व्यावसायिक करमणूक’ या शब्दांशी थांबायचं. जमिनी राखणाऱ्या बऱ्याच खाजगी ट्रस्टच्या दस्तांत किरकोळ प्रमाणापलीकडची व्यावसायिक करमणूक चालणार नाही असं वाक्य दिसेल. ते १९९७ च्या केंद्रीय वारसाकर सवलतीतून आलेलं आहे, ती सवलत हवी असेल तर तशी बंदी दस्तात असावीच लागते. तुमचं ईझमेंट राज्याने विकत घेतलेलं आहे, त्यामुळे भाषा निराळी असू शकते. ईझमेंट धारण करणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो, चालतं’ पुढच्या मालकाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

तिसरं, पैसे घेतलेत की जबाबदारी बदलते. जमीन फुकट वापरू देणाऱ्या मालकाला मेरीलँडचा कायदा मोठं संरक्षण देतो. मोबदला घेतला की ते कवच उतरतं. म्हणून विमा शिकाऱ्यांनी काढायचा, त्यात तुमचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालायचं, आणि प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय फाटकाची किल्ली द्यायची नाही. दहा लाख डॉलरचं संरक्षण सर्रास मागतात. घराभोवती १५० यार्डांत परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही, ती रेषा नकाशावर आखून करारासोबत जोडा.

आणि सगळ्यात आधी तुमच्या पीक-खंडाचा कागद काढा. त्यात शिकारीच्या हक्काबद्दल काय लिहिलंय? काहीच नसेल तर तो शेतकरी उद्या म्हणू शकतो की तो हक्क माझ्याकडे आहे.

चेस्टरकाठ
६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

दस्तऐवज ताई, शेवटचं वाक्य वाचून लगेच कागद काढला. खरंच, एक शब्द नाही. म्हणजे मागच्या वर्षी मी जे दिलं ते माझं होतं की नाही हेच ठाऊक नव्हतं. आज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसते.

उजनीकाठ
६ ऑक्टोबर, दुपारी २:१५

ताई, राग मानू नका, पण मला हे वाचून त्रास झाला.

मी इंदापूर तालुक्यातला. उजनीच्या पाण्यात आजोबांची जमीन गेली. त्या पाण्यावर आता हिवाळ्यात रोहित येतात, चक्रवाक येतात, पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. भिगवण, कुंभारगावची मासेमारी करणारी पोरं होडीतून पर्यटकांना पक्षी दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. जिवंत पक्ष्यावर पोट भरतं हे आमच्या डोळ्यांसमोरचं आहे.

आणि मारण्याचा इतिहासही आपल्याकडे आहे. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपण हे थांबवलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. जमीन ‘संवर्धित’ म्हणायची आणि तिथेच बंदुकांना जागा भाड्याने द्यायची, हे माझ्या मनाला पटत नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला तुमच्या शेतात दोन दाणे मिळतात. त्याचे पैसे घेऊ नका.

वाफ्यातला_भात
६ ऑक्टोबर, रात्री ९:५० (कॅलिफोर्निया)

उजनीकाठ, तुमची भावना समजते, पण ‘संवर्धित’ हा शब्द इथे नेमका कशाबद्दल आहे ते पाहू. ताईंच्या ईझमेंटने माती राखली आहे, घरांपासून. पक्ष्यांबद्दल त्यात बहुधा एक ओळही नसेल. पक्ष्यांचं काय करायचं ते मालकाच्या मनावर सोडलेलं आहे, म्हणूनच हा धागा महत्त्वाचा आहे.

मी सॅक्रमेंटो खोऱ्यात सिंचनाचं काम करतो. इथे साधारण ५ लाख एकर भात. सेंट्रल व्हॅलीतल्या मूळ पाणथळींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गेल्या. पूर्वी कापणीनंतर भाताचा पेंढा जाळायचे, आकाश आठवडाभर काळं असायचं. १९९१ च्या कायद्याने जाळणं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. मग शेतकऱ्यांनी पेंढा कुजवायला हिवाळ्यात खाचरात पाणी सोडायला सुरुवात केली, आणि बदकं आली. लाखोंनी. गेलेल्या पाणथळीची थोडी भरपाई खाचरांनी केली.

त्या पाण्याला पैसे पडतात. बऱ्याच शेतांत ते पैसे शिकारीच्या खंडातून येतात: बांधात पुरलेल्या ब्लाइंडचा (शिकाऱ्याच्या लपायच्या जागेचा) एका हंगामाचा हक्क. २०१४ पासून एका निसर्गसंस्थेने वेगळी वाटही काढली आहे. पक्ष्यांना गरज असेल त्या आठवड्यांत खाचरात पाणी ठेवायचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे, शिकार नाही. दोन्ही वाटा शेजारी शेजारी चालू आहेत. पण २०२२ च्या दुष्काळात खोऱ्यातला भाताचा पेरा निम्म्यावर आला, तेव्हा दोन्हींना धक्का बसला. पाणीच नव्हतं. तेव्हा मला कळलं की पक्ष्याला गोळीपेक्षा कोरडं खाचर जास्त महागात पडतं.

तुमच्याकडे भात नाही, मका आहे, त्यामुळे हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. पण एक गोष्ट तुमच्याही कामाची. तुमच्या तळ्यावर पक्षी रात्री बसतात का? बसत असतील तर तिथे कुणालाही जाऊ देऊ नका. रात्रीची जागा मोडली की पक्षी तो परिसरच सोडतात.

पहाटपाळी
७ ऑक्टोबर, पहाटे ५:१०

मी बाल्टिमोरजवळ राहतो आणि बारा वर्षं गीजची शिकार करतो. मूळचा कोल्हापूरचा. या धाग्यावर बहुधा मी एकटाच शिकारी असेन, तेव्हा आमची बाजू सांगतो.

आधी ती सकाळ कशी असते ते. मक्याच्या शेतात जमिनीत पुरलेली एक पेटी असते, तिला पिट म्हणतात. वरची झाकणं मक्याच्या तुसाने झाकलेली. आत फळी, चार माणसं, एक कुत्रा, थर्मास. बाहेर पन्नास-साठ डिकॉय, म्हणजे नकली पक्षी, वाऱ्याच्या दिशेने मांडलेले, मध्ये उतरायला मोकळी जागा ठेवून. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवता येते, पण गीज बहुधा उशिरा येतात. आधी आवाज येतो. मग सगळे खाली वाकतात आणि कुणी श्वासही घेत नाही. बहुतेक सकाळी ते वरून बघून निघून जातात.

कायद्याबद्दल. स्थलांतरित पक्ष्यांचा केंद्रीय कायदा १९१८ चा. बंदुकीत तीनच काडतुसं. शिशाचे छरे पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर बंद, कारण चिखलात पडलेले छरे बदकं खडे समजून गिळायची आणि विषबाधेने मरायची. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला २५ डॉलरचा डक स्टॅम्प, पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी घ्यावाच लागणारा. तो १९३४ पासून आहे आणि त्यातल्या दर डॉलरमागचे ९८ सेंट पाणथळ जागा घ्यायला आणि राखायला जातात.

ताई, तुम्हाला मालक म्हणून सगळ्यात मोठा धोका बेटिंगचा आहे. पक्षी ओढण्यासाठी दाणे टाकले तर ते शेत बेटेड, आणि शेवटचा दाणा उचलल्यानंतर दहा दिवस तिथे शिकार बेकायदा. नेहमीच्या पद्धतीने मका कापला आणि दाणे सांडले, तर चालतं. उभा मका तसाच ठेवला तरी चालतं. पण कापणी न करता उभा मका यंत्राने आडवा पाडला, की तेच शेत बेटेड होतं. कव्हर क्रॉपचा गहू वरून फेकून पेरला असेल, तर तो कृषी विस्तार विभागाच्या शिफारशीप्रमाणे, वेळेत आणि त्या मापात पेरलेला असावा लागतो. १९९८ पासून नियम असा की शिकाऱ्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, तरच तो दोषी. पण दाणे टाकणाऱ्याला वेगळी आणि मोठी शिक्षा आहे. म्हणजे तुमच्या शेतकऱ्याने निष्पापपणे कोपऱ्यातला पडका मका आडवा केला आणि तुम्ही शिकाऱ्यांना सांगितलं नाही, तर सगळेच अडकू शकतात. या दोघांनी एकमेकांशी बोललंच पाहिजे. करारात लिहा: शेतात यंत्र फिरलं की शेतकरी शिकाऱ्याला कळवेल.

उजनीकाठ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी मारतो ते खातो, आणि जखमी पक्षी सुटला तर ती रात्र वाईट जाते. चांगला कुत्रा हवाच, हे मी त्यामुळेच म्हणतो. ताई, ज्या गटाकडे पक्षी शोधून आणणारा कुत्रा नाही त्याला जमीन देऊ नका.

चेस्टरकाठ
८ ऑक्टोबर, रात्री ८:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसले. तिथे जे ऐकलं त्यातलं थोडं सांगते, कारण उजनीकाठ यांच्या प्रश्नाचा एक धागा त्यात आहे.

त्याचे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी इथे एवढे गीज नव्हते. मक्याची कापणी यंत्राने व्हायला लागली, शेतात दाणे सांडायला लागले, तसे ते वाढत गेले. गीजवर हॉटेलं चालायची, गाइड जगायचे. आणि मग संख्या कोसळली. अंगावाच्या वीण-क्षेत्रात १९८८ मध्ये १ लाख १८ हजार जोड्या मोजल्या होत्या, १९९५ मध्ये जेमतेम २९ हजार उरल्या. थंडीने बुडालेले विणीचे हंगाम आणि वर बंदुकांचा भार. १९९५ मध्ये या स्थलांतरित गीजची शिकार पूर्ण बंद केली, ती २००१ पर्यंत. तो म्हणाला, “पहिल्या वर्षी लोक चिडले. तिसऱ्या वर्षी गप्प झाले. पाचव्या वर्षी आम्ही आकाशाकडे बघत बसायचो.” २०१८ चा वसंत तिकडे उशिरा आला, पिल्लं झाली नाहीत, तर २०१९ मध्ये दिवसाची मर्यादा माणशी दोनवरून एकावर आली आणि हंगामही कापला.

मला यातून एवढं दिसलं की इथे शिकार थांबवता येते, आणि थांबवल्यावर पक्षी परत येतात. भरतपूरच्या दगडावरचा आकडा असा हिशेब विचारणारं कुणी नव्हतं तेव्हाचा आहे. तरीही उजनीकाठ दादा, तुमचं ‘पैसे घेऊ नका’ माझ्या डोक्यातून जात नाही. नवऱ्याचं मत द्यावं असं आहे, माझं अजून अर्धं-अर्धं.

शेतकऱ्याने त्याच्या अटी सांगितल्या. गव्हावर गाडी नको, कधीच नको. आणि त्याला विचारल्याशिवाय पिटची जागा ठरवायची नाही, कारण त्या पेटीला चुकवून पुढची दहा वर्षं त्यालाच यंत्र वळवायचं आहे.

करदाता_१४
८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

एक शंका. राज्याने जनतेच्या पैशातून ईझमेंट घेतलं, मग त्या जमिनीवरचा शिकारीचा पैसा खाजगी खिशात का? लोकांना जाता का येत नाही?

दस्तऐवज
९ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

प्रश्न रास्त आहे. राज्याने विकत घेतला तो विकासाचा हक्क, तेवढाच. पैसे मुख्यतः मालमत्ता हस्तांतराच्या करांतून येतात, शेतं मोडून घरं होतात ते व्यवहारही त्यात आले. लोकांच्या प्रवेशाचा हक्क घ्यायचा असता तर किंमत वेगळी लागली असती आणि शेतकऱ्यांनी दारही उघडलं नसतं. लोकांसाठी सरकारी जागा आहेत, डॉर्चेस्टर काउंटीतलं ब्लॅकवॉटर अभयारण्य १९३३ पासून आहे.

खुराडं
९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी पशुवैद्यक आहे, एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. डेल्मार्व्हा, म्हणजे ईस्टर्न शोअर ज्यात येतो तो द्वीपकल्प, हा कोंबड्यांचा पट्टा. २०२२ पासून इथल्या फार्मांत बर्ड फ्लूचे उद्रेक झाले आहेत, आणि जंगली बदकं-गीज तो विषाणू घेऊन फिरतात. तुमच्या शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या भावकीच्या कोंबड्या असतील तर शिकाऱ्यांचे बूट, कुत्रे, गाड्या त्या आवारात जाता कामा नयेत. पक्षी साफ करायची जागा लांब ठेवा आणि पिसं-आतडी शेतात टाकू देऊ नका. मेलेले किंवा लडखडणारे पक्षी दिसले तर हात न लावता राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा. हे करारातच लिहा, तोंडी सांगितलेलं पहाटे चार वाजता कुणाला आठवत नाही.

चेस्टरकाठ
२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उशीर झाला, पण उत्तर हातात यायची वाट बघत होते. ईझमेंट कार्यालयाचं पत्र आलं: आमच्या दस्ताप्रमाणे शिकारीची परवानगी देता येते, नवीन पक्कं बांधकाम करता येणार नाही. पिट हलवता येण्यासारखी हवी.

दिलं. तीन माणसं, इथलीच, एक कुत्री. पाच पानांचा करार झाला, त्यातली निम्मी पानं या धाग्यावरून आलेली आहेत. गाडी फाटकाजवळच्या खडीवर थांबेल, तिथून पायी. आठवड्यातून तीन सकाळी, आणि दुपारी बारानंतर शेत रिकामं, म्हणजे संध्याकाळी पक्ष्यांना निवांत खाता येईल. टरफलं मोजून परत न्यायची. पिकाचा आणि शिकारीचा वाद झाला तर पीक आधी, हे पहिलंच कलम आहे आणि त्यावर शेतकऱ्याचीही सही आहे.

आणि तळं. तळं आणि त्याच्या भोवतालची अकरा एकर दलदल नकाशावर निळ्या रेघेने बाहेर काढली. तिथे बंदूक नाही, कुत्री नाही, जखमी पक्षी आणायलाही मला फोन केल्याशिवाय जायचं नाही. त्यांच्यातला सर्वांत वयस्कर माणूस ते कलम वाचून म्हणाला की तो स्वतः मालक असता तर त्याने हेच केलं असतं. मला वाटलं होतं इथेच बोलणी फिसकटतील.

खंडातून चाकोरीच्या नुकसानीचे पैसे आधी शेतकऱ्याला दिले. ते मागच्याच वर्षी द्यायला हवे होते.

चेस्टरकाठ
१९ जानेवारी, रात्री ८:५०

धागा वर आणतेय, कारण एक गोष्ट सांगायची आहे.

शनिवारी मी आणि मुलगी पहाटे फाटकाशी उभ्या होतो. गारठा इतका की खडीवर पाय वाजत होते. अंधारात तळ्यावरून आधी एकाचा आवाज, मग दहांचा, मग मोजता येईना. उजाडता उजाडता ते उठले आणि आमच्या डोक्यावरून शेताकडे गेले, इतक्या खालून की पंखांची घरघर ऐकू आली. थोड्या वेळाने दोन बार. मुलीने माझा हात धरला. मी तिला काही समजावलं नाही.

नऊ वाजता ते तिघे चालत आले. दोन पक्षी. एकाच्या पायात ॲल्युमिनियमचं कडं होतं. वयस्कर गृहस्थांनी ते मुलीच्या तळहातावर ठेवलं, झिजलेले आकडे तिनेच वाचले आणि घरी येऊन लॉरेलच्या बर्ड बँडिंग प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर आम्ही नोंदवले. उत्तर आलं: अंगावाच्या बाजूला, उन्हाळ्यात, पंखांची पिसं गळालेली असताना पकडून कडं घातलेलं. सात वर्षांपूर्वी. मुलीने नकाशावर ती जागा शोधली आणि मग बराच वेळ तिच्या खोलीतून आवाज आला नाही. जेवताना तिने विचारलं की दुसऱ्या पक्ष्यालाही वय असेल ना, फक्त कळणार नाही.

उजनीकाठ दादा, तुमची आठवण आली. पुढच्या वर्षी करार पुन्हा करायचा का, हे आता आम्ही तिघं मिळून ठरवणार आहोत.

उजनीकाठ
२० जानेवारी, सकाळी ६:४०

ताई, मुलीला आशीर्वाद. माझं मत बदललेलं नाही.

पण तुमचं तळ्याचं कलम जमलं तर इथे टाका. पाणी उतरलं की आमच्याकडे गाळपेर जमिनी खंडाने जातात, पट्टकदंब नेमके तिथे हरभऱ्यात आणि गव्हात उतरतात, आणि शेतकरी रात्रभर फटाके लावतो. त्याचंही चुकत नाही, पीक जातं. काठावरचा एक पट्टा मोकळा सोडून बाकीच्यात पेरायचं, असं लिहिता येईल का ते बघतोय. पक्षी मार्चअखेर जातील. त्याआधी दोन-तीन जणांशी बोलून घेतो.